पाडायच्या झाडाचं वजन

झाड पाडायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कोण पाडून देईल. दुसरा, किती घेईल. दोन्ही रास्त. पण फोन करण्याआधी शिवणकामाची टेप घेऊन झाडापाशी जा. जमिनीपासून १.३ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीला, बुंध्याभोवती ती गुंडाळा आणि जो घेर येईल त्याला ३.१४ने भागा. घेर १५७ सेंटिमीटर असेल तर व्यास ५० सेंटिमीटर. घरालगतच्या झाडांत हा काही फार मोठा आकडा नाही; बऱ्याच घरमालकांना असं झाड ‘मध्यम’ वाटतं. अशा बुंध्याचा फक्त एक मीटर लांबीचा ओंडका जवळपास ०.२ घनमीटर भरतो. नुकत्या कापलेल्या ओल्या लाकडाचं वजन जातीनुसार घनमीटरला ढोबळमानाने ८०० ते ११०० किलो. म्हणजे तो मीटरभराचा तुकडा २०० किलोच्या आसपास गेला. दोन धडधाकट माणसांना तो लोटता येईल, उचलता येणार नाही. आणि व्यास दुप्पट झाला की वजन दुप्पट होत नाही, चौपट होतं.

आता तोच तुकडा १० मीटर उंचीवर आहे असं धरा. तिथून सुटला तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर असतो. झाड पाडताना जे जे बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं: कुणीतरी वजनाचा अंदाज चुकवलेला असतो, नाहीतर ते वजन कुठे जाईल याचा. करवत चालवणं हा त्यातला सोपा भाग.

उंची मोजायलाही उपकरण लागत नाही. हात समोर सरळ ताणा. मुठीपासून डोळ्यापर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरा. आता मागे मागे सरकत जा. काठीचं टोक शेंड्याशी आणि मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी जुळली की थांबा. जमीन सपाट असेल तर तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर हीच झाडाची उंची. ती १२ मीटर भरली, तर झाड सरळ आडवं पाडताना भोवतालच्या २४ मीटरांत कापणाऱ्याखेरीज कोणी नको. उंचीच्या दुप्पट कशाला, असं वाटतं. पण पडतं झाड शेजारच्या फांद्या मोडतं, वाळलेल्या काटक्या भिरकावतं, दुसऱ्या झाडालाही ओढून नेतं. आणि टेकल्यावर ओंडका घरंगळू शकतो तो वेगळाच. इतकी मोकळी जागा घराभोवती क्वचितच असते. म्हणून घराजवळचं झाड बहुधा तुकड्या-तुकड्यांनी उतरवावं लागतं, आणि त्याचं गणित निराळं आहे. त्याकडे पुढे येऊ.

त्याआधीचा प्रश्न: ते पाडायलाच हवं का? पाडण्यासाठी सांगितली जाणारी कारणं बरेचदा कच्ची असतात. पाला पडतो, सावली येते, मुळं पाइप फोडतात. मुळं शाबूत पाइप सहसा फोडत नाहीत. सांधा आधीच गळत असतो, ओल लागते तिकडे तंतुमुळं वळतात आणि आत शिरून जाळं करतात. झाड पाडलं तरी गळका सांधा गळकाच राहतो. ‘आतून पोकळ आहे’ हेही एकटं कारण पुरेसं नाही. वाऱ्यात खोड वाकतं तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो. गाभ्याचा वाटा थोडा. जर्मनीतले संशोधक क्लाउस माटेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या असलेल्या पोकळ झाडांची मापं घेऊन ढोबळ नियम मांडला: शाबूत भिंतीची जाडी त्रिज्येच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेली की मोडण्याचा धोका वाढत जातो. ६० सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला ९-१० सेंटिमीटर निरोगी लाकूड चहूबाजूंनी असेल, तर भरीव खोडाच्या तीन-चतुर्थांश ताकद त्यात शिल्लक असते. अट एवढीच की भिंत सगळीकडून हवी. ढोली एका बाजूला उघडी पडली असेल, तिथून भेग वर-खाली गेली असेल, तर हे गणित लागू पडत नाही.

खरी भीती वाटावी अशा खुणा वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक जमिनीलगत असतात. लोक वर बघतात; बुंध्याच्या तळाशी उकिडवं बसून बघायला हवं. तिथे खोडाला किंवा मुळांना चिकटलेली, लाकडासारखी टणक, अर्धवर्तुळाकार भूछत्रं असतील तर आतलं लाकूड बुरशीने बरंच आधीपासून कुजवायला घेतलेलं असतं. भूछत्र हे त्या कुजण्याचं फळ आहे, सुरुवात नव्हे. खरवडून काढल्याने काहीच होत नाही. दुसरी खूण म्हणजे माती. झाड ज्या बाजूला कललंय तिच्या विरुद्ध बाजूला जमिनीत कमानीसारखी भेग असेल, माती उचललेली दिसत असेल, तर मुळांची पकड सुटायला लागली आहे. अशा झाडाला ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नये.

नुसता कल मात्र घाबरण्यासारखा नसतो. लहानपणापासून उजेडाकडे झुकलेलं झाड शेंड्याकडे परत सरळ होत जातं, खोडाला धनुष्यासारखा बाक येतो. असं झाड त्या कलासकट आयुष्य काढतं. खोड काठीसारखं सरळ आणि तरी तिरकं, हे लक्षण अलीकडे कललेल्या झाडाचं. तिसरी जागा बेचक्याची. दोन जाड फांद्या अरुंद कोनात निघाल्या असतील आणि सांध्यात साल आत दुमडली गेली असेल, तर तिथे लाकूड लाकडाला जोडलेलंच नसतं, मध्ये सालीचा पडदा असतो. वाढीबरोबर दोन्ही फांद्या एकमेकींना रेटत राहतात आणि एखाद्या वादळात खोड उभं चिरतं.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारायचा: गेल्या काही वर्षांत झाडाजवळ खणलंय का? कंपाउंडचा पाया, गटार, केबल? खोड जेवढं उंच तेवढी मुळं खोल जातात हा समज चुकीचा. बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर बरीच दूर पसरतात. खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ जपावं असं वृक्षतज्ज्ञ सांगतात. ५० सेंटिमीटर व्यासाला ६ मीटर. त्या वर्तुळात एका बाजूने सलग चर गेला असेल, तर झाड वरून हिरवंगार राहूनही त्या बाजूने बिनआधाराचं झालेलं असू शकतं. पानं मुळांबद्दल फार उशिरा बोलतात.

शंका असेल तर आधी तपासणी करून घ्या, आणि ती शक्यतो अशा माणसाकडून, ज्याला झाड तोडण्याचे पैसे मिळणार नाहीत. लाकडी हातोड्याने खोड वाजवून बदललेला आवाज ऐकणं ही जुनी आणि अजूनही कामाची पद्धत. त्यापुढे बारीक सुई लाकडात फिरवत नेऊन तिला होणारा विरोध नोंदवणारं यंत्र आहे, खोडाभोवती सेन्सर लावून ध्वनिलहरींच्या वेगावरून आतल्या कुजक्या भागाचा नकाशा काढणारंही आहे. अनेक देशांत आर्बोरिस्ट, म्हणजे वृक्षनिगा तज्ज्ञ, परीक्षा देऊन प्रमाणित होतात. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर ही १९२४ पासूनची संस्था त्यातली प्रमुख.

मधला मार्ग म्हणून जो सुचवला जातो तो मात्र सगळ्यात वाईट: ‘पाडू नका, वरून अर्धं कापून टाका.’ शेंडा आणि जाड फांद्या मध्येच तोडून थुटं ठेवणं. अमेरिकेच्या वनसेवेतले ॲलेक्स शिगो यांनी चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, तर ती कोंडते. जखमेभोवती आतून भिंती उभ्या राहतात आणि नवं लाकूड त्यावरून चढत जातं. कुजलेला भाग आत तसाच राहतो. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कंगोरा असतो, या भिंती तिथे चांगल्या उभ्या राहतात. थुटाच्या मध्यात तशी सोय नसते, कुजणं सरळ खाली उतरतं. वर थुटातून भसाभस धुमारे फुटतात, ते फक्त बाहेरच्या थराला चिकटलेले. पाच-सात वर्षांत ते मनगटाएवढे होतात आणि आधीपेक्षा धोकादायक छत्र तयार होतं. जखमेवर रंग किंवा डांबर फासण्याचाही उपयोग नाही. फांदीच कमी करायची असेल तर ती कंगोऱ्याच्या बाहेरून कापावी: आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव जाडीपर्यंत, मग त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि वजन गेल्यावर उरलेलं थूट कंगोऱ्याला धरून. खालचा काप आधी दिला नाही, तर फांदी पडताना खोडाची साल लांबवर ओरबाडून नेते.

पाडायचंच ठरलं, तर कागदपत्रं आधी. बहुतेक शहरांत स्वतःच्या जागेतलं झाड तोडायलाही परवानगी लागते, वाळलेल्या झाडालासुद्धा. धोका असल्याचे फोटो तारखेसह काढून ठेवा. झाड नेमकं हद्दीवर असेल तर ते दोघांचं असू शकतं, म्हणून शेजाऱ्यांशी बोलणं लेखी झालेलं बरं. घरटी बघा, ढोल्या बघा. पिल्लं उडेपर्यंत थांबण्याने सहसा काही बिघडत नाही. पानगळीचा, कोरडा काळ सगळ्यात सोयीचा: वजन कमी, फांद्यांची ठेवण डोळ्यांना दिसते आणि जमीन घट्ट असते. ओल्या जमिनीत क्रेनचे पाय रुततात, आणि मग क्रेन काढायला दुसरी क्रेन.

विजेच्या तारेबाबत मात्र घाई नको. तारेपासून ३ मीटरच्या आत फांदी, माणूस, शिडी किंवा दोर येणार असेल तर ते काम वीज कंपनीला कळवून, पुरवठा बंद झाल्यावरच. उच्चदाबाच्या तारेला अंतर त्याहून जास्त. ओलं लाकूड वीज वाहून नेतं, आणि धक्का बसायला तारेला शिवावंच लागतं असं नाही.

माणूस निवडताना भावापेक्षा प्रश्न उपयोगी पडतात. विमा आहे का? कामगार जखमी झाला त्याचा आणि घराचं, शेजाऱ्याचं नुकसान झालं त्याचा, असे दोन वेगळे. प्रत पाहायला मागा. कोटेशनमध्ये काय आहे आणि काय नाही ते लेखी हवं: फक्त पाडणं, की ओंडके कापणं, पाला उचलणं, बुडखा काढणं, चाकांनी खचलेली जमीन सारखी करणं? भांडणं बुडख्यावरून होतात. तुम्ही धरून चाललेले असता की तो निघणार, आणि तो धरून चाललेला असतो की निघणार नाही. पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. वादळानंतर दारोदार फिरून ‘आजच करून देतो’ म्हणणाऱ्यांना नम्रपणे पाठवून द्या.

आणि एक खूण अशी की जिच्यासाठी उत्तर ऐकावंच लागत नाही. छाटणीसाठी आलेला माणूस बुटांना लोखंडी काटे बांधून झाडावर चढायला लागला, तर थांबवा. ते काटे फक्त पाडायच्या झाडावर. जगवायच्या झाडाला प्रत्येक काट्याची जखम राहते. चेनसॉ चालवणाऱ्याच्या अंगावर काय आहे तेही बघा. हेल्मेट, डोळ्यांपुढे जाळी, कानांवर आवरण, आणि खास पँट. त्या पँटमध्ये लांब तंतूंचे थर असतात. साखळी कापडात शिरली की ते तंतू ओढले जाऊन चाकात गुरफटतात आणि साखळी क्षणात अडते. चपला घालून, एका हातात चेनसॉ धरून, शिडीवर उभा असलेला माणूस कितीही वर्षांचा अनुभवी असो, तो नको.

आता प्रत्यक्ष पाडणं. मोकळी जागा असेल आणि झाड एकसंध पाडायचं असेल, तर सगळं काम बुंध्याच्या खालच्या हातभर भागात ठरतं. आधी पडण्याच्या दिशेला खाच घेतात. तिची खोली व्यासाच्या पंचमांश ते चतुर्थांश. ५० सेंटिमीटरच्या बुंध्याला १० ते १२ सेंटिमीटर. तोंड निदान ७० अंशांचं उघडं. जुन्या ४५ अंशांच्या खाचेचं तोंड झाड अर्ध्यात असतानाच मिटतं आणि पुढे झाड बिनलगामी होतं. मग मागच्या बाजूने, खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीला किंवा किंचित वर, आडवा काप घ्यायचा, पण खाचेपर्यंत न्यायचा नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे इथे ५ सेंटिमीटरची, सारख्या जाडीची लाकडाची पट्टी सोडायची. ही पट्टी म्हणजे दाराची बिजागरी. झाड तिच्यावर वळत वळत पडतं, आणि तिची दोन्ही टोकं सारखी असतील तर ठरलेल्या रेषेत पडतं. कापता कापता पट्टी पुरी कापली गेली की दिशा झाड ठरवतं. मागच्या कापात वेळीच प्लास्टिकची पाचर ठोकतात, कारण झाड जरा जरी मागे बसलं तर करवतीचं पातं चिमटतं आणि ते सोडवायला दुसरी करवत लागते.

पडून झाल्यावर बुडखा वाचता येतो. मधोमध उपसलेल्या तंतूंची, ब्रशसारखी उभी, सारख्या रुंदीची ओळ दिसली, तर काम नीट झालं. ओळ एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला नाहीशी असेल, तर झाड वाटेत वळलं असणार. तंतू अजिबात नसतील, नुसतं गुळगुळीत कापलेलं असेल, तर ते ठरल्या जागी पडलं हे नशीब. अशा माणसाला दुसरं झाड दाखवू नका.

पुढे खूप झुकलेल्या झाडाची गोष्ट वेगळी. त्याला मागून सरळ कापत गेलं, तर पट्टी तयार होण्याआधीच खोड उभं चिरतं. मागची फळी कित्येक मीटर वर उचलली जाते आणि कापणाऱ्याच्या छातीच्या उंचीला येऊन आदळते. असं व्हायला अर्धा सेकंदही लागत नाही. म्हणून अशा झाडात आधी पात्याचं टोक आरपार घुसवून पट्टी आखून घेतात, मागे थोडं लाकूड धरून ठेवतात आणि शेवटी तेवढंच सोडतात. करवत सुरू होण्याआधी मागच्या बाजूला तिरक्या, ४५ अंशांच्या दोन वाटा साफ केलेल्या हव्यात. झाड हललं की त्यातल्या एकीने, पाठ न फिरवता, मागे सरकायचं. सरळ मागे कधीच नाही. पडत्या खोडाचं बूड मागे झेपावतं.

नारळ आणि इतर ताडवर्गीय झाडांना हे सगळं तसंच लागू होत नाही. त्यांच्या खोडात वर्षवलयं नसतात. बाहेरचा भाग टणक, आतला मऊ, आणि तंतू सुटे. बिजागरीची पट्टी भरवशाने वळत नाही, तुटते. म्हणून घराजवळचं ताडवर्गीय झाड दोराच्या भरवशावर ओढून पाडण्यापेक्षा वरून तुकडे करत खाली आणावं. काही जातींत वाळलेल्या झावळ्यांचा झगा खोडाला लटकत राहतो. त्याच्या खालून चढणं जीवघेणं आहे: अख्खा झगा घसरून माणसावर बसतो आणि तो तिथेच गुदमरतो.

तुकड्यांनी उतरवण्याचं काम बघायला शांत वाटतं. वरचा माणूस फांदी दोराला बांधतो, दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याला बांधलेल्या लोखंडी नळकांड्याभोवती वेढे घेतो. खालचा माणूस वेढ्यांच्या घर्षणावर वजन सावकाश सोडतो. यात चूक कुठे होते? दोराला लटकलेलं वजन आणि दोराने झेललेलं वजन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. १०० किलोचा तुकडा मीटरभर खाली पडून अचानक अडला, तर दोरावर, कप्पीवर आणि ती जिथे बांधली आहे त्या फांदीवर त्याच्या कित्येक पट झटका बसतो. कुजलेलं झाड तो झटका सोसत नाही, आणि तुम्ही ते पाडताय ते बहुधा कुजलंय म्हणूनच. म्हणून खालचा माणूस तुकडा एकदम न अडवता चालता ठेवून थांबवतो. तुकडे लहान घेतले जातात. आणि खोड खरोखरच भरवशाचं नसेल तर झाडावर न चढता क्रेन किंवा माणसाला वर नेणारा यांत्रिक पाळणा आणतात. त्याचा जादा खर्च सांगितला तर घासाघीस करू नका. काम चालू असताना तुमचं काम एकच: मुलं, प्राणी, गाडी आणि स्वतः तिथून दूर. दोराखाली चहा घेऊन जाणारा यजमान हा सगळ्या पथकाचा जीव टांगणीला लावतो.

वादळाने आडवं झालेलं झाड उभ्या झाडापेक्षा फसवं. ते पडलेलं दिसतं, पण कुठे ना कुठे वाकलेलं असतं, आणि तिथे लाकडाची एक बाजू ताणलेली, दुसरी दाबलेली असते. ताणाच्या बाजूने आधी कापलं तर लाकूड फाटून उसळतं, दाबाच्या बाजूने खोलवर कापलं तर पातं आवळलं जातं. म्हणून दाबाच्या बाजूने थोडं, मग ताणाच्या बाजूने बाकीचं. मुळांसकट उन्मळलेल्या झाडाची मातीची भिंत खड्ड्याच्या कडेला उभी असते. खोड कापून तिच्यावरचं वजन काढलं की ती भिंत, टनावारी मातीसकट, परत आपल्या खड्ड्यात बसू शकते. त्या खड्ड्यात उतरलेलं मूल कुणाला दिसलेलं नसतं. कापण्याआधी खड्ड्यात डोकावायचं, आणि भिंत टेकू देऊन किंवा दोराने अडवायची.

स्वतः काय करावं? दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हाताने पोचेल अशी, मनगटाएवढ्या जाडीपर्यंतची फांदी हातकरवतीने. तेवढंच. चेनसॉची साखळी सेकंदाला २० मीटरच्या आसपास धावते. पात्याच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही शिवला की करवत उलटून चेहऱ्याकडे येते. शिडीवरून कापताना भर वेगळी: कापलेली फांदी खाली झोका घेऊन शिडीच उडवते, आणि शिडी फांदीलाच टेकवली असेल तर वजन गेल्यावर फांदी वर उचलली जाऊन शिडीचा टेकू जातो.

झाड गेल्यावर बुडखा उरतो. यंत्राने तो भुसा करून काढणं सगळ्यात सरळ. सहसा जमिनीखाली १५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत. तिथे गवत लावायचं तर एवढं पुरतं, फरशी किंवा भिंत येणार असेल तर जास्त खोल सांगून ठेवा. यंत्र येण्याआधी खालून कोणत्या केबल आणि पाइप जातात ते बघा. निघणारा भुसा बुडख्याच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त भरतो. तो खड्ड्यात परत ढकलून वर माती टाकण्याचा मोह होतो. पण मातीत मिसळलेला भुसा कुजवताना सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि वरची रोपं पिवळी पडतात; शिवाय कुजत जाईल तशी जागा खचते. भुसा बाहेर काढा, तोच इतर झाडांखाली पृष्ठभागावर पसरा, तिथे तो उत्तम आच्छादन होतो.

तांब्याचा खिळा ठोकून मोठं झाड किंवा बुडखा मरत नाही. मिठाने माती मरते, बुडखा नंतर. पेटवलेला बुडखा मुळांतून जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतो आणि भलतीकडे वर येतो. भोकं पाडून पोटॅशियम नायट्रेट भरणं याने कुजणं थोडं वेगाने होतं, पण महिन्यांच्या, कधी वर्षांच्या हिशेबाने. निलगिरी, सुबाभूळ, कडुनिंब, वड-पिंपळाच्या गोतातली झाडं बुडख्यापासून जोमाने फुटतात. फुटवे येतील तसे वर्षभर मोडत राहिलं तर साठा संपून बुडखा दमतो. तणनाशक वापरायचंच तर कापल्याबरोबर काही मिनिटांत, आणि सालीलगतच्या बाहेरच्या वलयावर, कारण गाभा मृतच असतो. एकाच जातीची दोन झाडं जवळ असतील तर मात्र वापरू नका. त्यांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असू शकतात आणि औषध ठेवायच्या झाडात पोचतं.

काळ्या चिकण मातीवर घर असेल तर एक गोष्ट झाड पाडण्याआधीच विचारात घ्यायला हवी. ही माती वाळली की आक्रसते, भिजली की फुगते. मोठं झाड वर्षानुवर्षं तिथलं पाणी ओढत असतं आणि पायाखालची माती त्या कोरडेपणाशी जुळवून बसलेली असते, विशेषतः झाड घराआधीचं असेल तर. झाड गेलं की माती हळूहळू पाणी परत घेते, फुगते आणि पाया वर उचलते. भिंतींना तडे झाडामुळे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. झाड नसल्यामुळेही जातात, ते काही वर्षांनी, आणि तोवर दोघांचा संबंध कुणाच्या लक्षात राहिलेला नसतो. अशा जागी स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी विचारा.

लाकूड विकायचं स्वप्न जरा आवरा. घराजवळच्या झाडात खिळे, तारा, हूक सालीखाली गिळलेले असतात आणि आरागिरणीच्या पात्याचे दात त्यांच्यावर उडतात. कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आसपास लोखंड आहे. ओंडके ठेवायचे असतील तर कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड रंग लावा; तोंडाकडून पाणी फार वेगाने उडतं आणि तिथूनच चिरा पडतात. जळणासाठी असेल तर उलट, लवकर फोडा, जमिनीपासून उचलून रचा, वरून झाका, बाजू उघड्या ठेवा. ओल्या जाड लाकडाला नीट सुकायला वर्ष लागतं.

त्याच खड्ड्यात लगेच नवं झाड लावू नका. जुनी मुळं तिथे कुजत असतात, आणि तीच बुरशी नव्या मुळांना लागायची शक्यता असते. दोन-तीन मीटर बाजूला घ्या, आणि रोप विकत घेताना पूर्ण वाढल्यावरची उंची विचारून तेवढं अंतर भिंतीपासून आणि तारांपासून मोजा. जुन्या जागी माती भरताना थर थर दाबत भरा आणि वर १० ते १५ सेंटिमीटरचा उंचवटा सोडा. पहिल्या जोरदार पावसानंतर तो खाली बसेल. तेव्हा आणखी माती लागेल, ती आधीच बाजूला काढून ठेवा.